नव्व्याण्णव पॉइंट पाच

"चावी ठेव टेबलावर. डगला काढून दे अन् नीघ," आबा म्हणाले.

दादानं चावी ठेवली. अंगातला पांढरा डगला काढला, त्याची नीट चौकोनी घडी घातली, ती चावीशेजारी ठेवली. घडी घालायचं काय काम होतं? माझं डोकं तिथंच फिरलं. माणूस तुम्हाला हाकलतोय आणि तुम्ही त्याच्या डगल्याच्या बाह्या सरळ करताय!

मी ऑफिसच्या दारात उभी होते. हातात बादली, बादलीत न उबलेली, फोडलेली अंडी. हॅचरीत माझं काम तेच. पिल्लं निघून गेल्यावर ट्रेमध्ये जी अंडी तशीच राहतात ती फोडायची, आत काय झालं ते बघायचं आणि खड्ड्यात टाकायची. वास येतो. सवय होते. शाळेपेक्षा बरं. शाळा मी नववीत सोडली. बाईंनी डस्टर फेकून मारला, मी तोच उचलून परत फेकला आणि दप्तर तिथंच ठेवून घरी आले. नंतर दप्तर आणायला दादाच गेला.

दादा म्हणजे दिगंबर. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, आणि आवाज माझ्यापेक्षा सातपट लहान. विट्याच्या पुढं माळावर आबांची हॅचरी आहे, तिथं तो दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर होता. पहिली पाळी संग्रामदादाची, म्हणजे आबांच्या पुतण्याची.

"आबा, मी दांडा ओढलाय," दादा म्हणाला. "दर तासाला ओढलाय."

"मग अंडी मेली कशानं? दृष्ट लागून?"

दांड्याचं सांगते. सेटर म्हणजे खोलीएवढं मशीन. आत अंडी भरून ऊब द्यायची. पण नुसती ऊब पुरत नाही, अंडी सारखी या कुशीवरनं त्या कुशीवर कलवावी लागतात. कोंबडी चोचीनं करते तेच. आबांचे एक आणि दोन नंबरचे सेटर नवे, ते आपोआप कलतात. तीन नंबर जुना. त्याला बाहेरनं लोखंडी दांडा, तो माणसानं ओढायचा. दसऱ्याच्या सुमारास तीन नंबरात भरलेली खेप त्या सकाळी निघायची होती. ट्रे बाहेर काढले तर चिवचिव नाही, काही नाही. सगळी खेप गेली.

"ऊब बरोबर होती का न्हाई?" आबांनी टेबलावरच्या कॉम्प्युटरकडं बोट केलं. स्क्रीनवर तीन मोठे हिरवे आकडे, तीन सेटरचे. तीन नंबरच्या खाली नव्व्याण्णव पॉइंट पाच. अंड्याला लागते तेवढीच ऊब. "दसऱ्यापासनं हललाय का आकडा? पूजेचा गुण हाय तो. मशीन चोख हाय. मग ऱ्हायलं काय? दांडा. आन् दांडा कुणाकडं?"

"पहिल्या पाळीला संग्रामदादाकडं," मी म्हणाले.

"ए, तू मधी बोलू नगंस," संग्रामदादा खुर्चीतनं म्हणाला. "बादली खाली कर, वास मारतीया."

"वैजे, जा तू," दादा म्हणाला.

मी गेले असते. खरंच. पण आबांनी मोबाईल उचलून दादाला दाखवला. "आन् दुसरीकडं कुठं जाऊन असलंच करू नगंस म्हणून टाकलंय मी ग्रुपवर."

आपल्या भागातल्या सगळ्या हॅचरीवाल्यांचा एक ग्रुप आहे. त्यावर दादाचा फोटो. आमच्या भाचीच्या बारशातला, फेटा बांधलेला. खाली लिहिलेलं: हा माणूस कामावर झोपतो, कुणी ठेवू नये.

दादानं फोटो बघितला. त्याला दुसरं काम येत नाही. म्हणजे करेल कुठलंही, पण येतं ते हेच. अंड्यावर बॅटरी धरली की आत कितवा दिवस चाललाय ते सांगतो. आणि आता पार इस्लामपूरपासनं आटपाडीपर्यंत त्याला कुणी गेटच्या आत घेणार नव्हतं.

मी बादली टेबलावर ठेवली. डगल्याच्या घडीशेजारी.

"आगं ए!" आबा मागं सरकले.

"बघा आत."

"काय बघू?"

"पिल्लू कवचाला चिकटलेलं दाखवा एक तरी. दांडा ओढला नाही की पिल्लू आतनं सालीला चिकटतं. मी रोज फोडते, मला माहीत आहे. ही सगळी सुटी आहेत. एकसुद्धा चिकटलेलं नाही. ही दांड्यानं मेली नाहीत."

"आली बघा डॉक्टरीण," संग्रामदादा म्हणाला. "मग कशानं मेली?"

ते मला माहीत नव्हतं. मी गप्प झाले, आणि गप्प झाल्यावर मला आणखी राग येतो. म्हणून मी स्क्रीनकडं बघत राहिले. नव्व्याण्णव पॉइंट पाच. आणि मला आठवलं की तासाभरापूर्वी मी ट्रे धूत होते तेव्हा संग्रामदादा तीन नंबरचं दार सताड उघडं टाकून नवीन खेप भरत होता, एका हातानं मोबाईल कानाला लावून. मी ऑफिसवरनं गेले तेव्हा आकडा हाच होता.

दसऱ्याच्या आधी तसं नव्हतं. आधी तो आकडा कोंबडीच्या मानेसारखा सारखा पुढंमागं करायचा. पॉइंट चार, पॉइंट सहा, परत चार. दार उघडलं की सत्त्याण्णववर यायचा, लावलं की चढायचा.

"संग्रामदादा, मघाशी दार उघडून अंडी भरली ना?"

"भरली की."

"थंडगार अंडी, सताड दार. तेव्हा आकडा किती झाला?"

"मी काय तिथं आकडा बघत बसलोय? मशीन चांगलं हाय, सांभाळतं."

तेवढ्यात आबांचा चहा आला. वाफा निघणारा, काचेच्या ग्लासात. आबांनी तो टेबलावर ठेवून घेतला, बादलीपासनं लांब.

आता सेटरची पाठ आहे ती ऑफिसच्या भिंतीला. भिंतीला भोक, त्यातनं सेन्सरची वायर आत गेलेली, दुसरं टोक कॉम्प्युटरच्या डबीत. तीन नंबरच्या वायरीवर लाल चिकटपट्टी. मी ती धरली आणि ओढली.

"ए! ए! काय करायलीस?"

भोकातनं सेन्सर बाहेर आला. पेनच्या टोपणाएवढा, चकचकीत. मी तो आबांच्या चहात बुडवला.

संग्रामदादा उठला आणि त्यानं माझा दंड धरला. मी त्याच्या नडगीवर लाथ घातली. दादा म्हणाला, "वैजे!" आबा ओरडले, "चहा!" आणि मग कुणीतरी पहिल्यांदा स्क्रीनकडं बघितलं. बहुतेक आबांनीच, कारण गप्प तेच झाले.

नव्व्याण्णव पॉइंट पाच.

"पिऊन बघा आबा," मी म्हणाले. "कोमट असेल."

आबांनी ग्लासाला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. परत स्क्रीन बघितली. परत ग्लास.

"सेन्सर गेला असंल," संग्रामदादा म्हणाला.

"गेला असेल. मग तो दसऱ्यापासनं गेलाय. मग तीन नंबरच्या आत किती आहे आत्ता?"

कुणालाच माहीत नव्हतं. तीन नंबरच्या स्वतःच्या पाटीवरचा काटा केव्हाच मोडलेला, आणि आतला काचेचा थर्मामीटर आबांनी काढून टाकलेला. कॉम्प्युटर आल्यावर कशाला दोन-दोन, म्हणून.

आबांचं घर हॅचरीला लागूनच. संग्रामदादा पळत जाऊन आबांच्या नातवाचा ताप बघायचा थर्मामीटर घेऊन आला. तोवर दादानं टेबलावरची घडी मोडली होती. डगला परत अंगात, पाय जंतू मारायच्या औषधाच्या पाण्यात बुडवून तो आत गेला. त्याला जा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. आबांनी अडवलं पण नाही.

आम्ही काचेतनं बघत होतो. त्यानं तीन नंबरचं दार थोडं उघडलं, थर्मामीटर आत धरला, बाहेर काढून उजेडात फिरवला. मग त्याचा चेहराच बदलला. त्यानं थेट मेन स्विच पाडला, वरची झरोक्याची झाकणं काढली, दार पूर्ण उघडलं आणि आतनंच ओरडला. तो ओरडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"एकशे चारच्या वर! हीटर बंदच होईना झालाय! चिकटून बसलाय आतला स्विच!"

आबा खुर्चीवर बसले. नवीन खेप नुकतीच भरलेली, ती अजून तापली नव्हती म्हणून वाचली. आधीची त्याच उबेत शिजून मेली होती, रोज थोडीथोडी, आणि बाहेर स्क्रीनवर तो हिरवा आकडा शांत बसलेला.

"मॅडमला बोलीव," आबा म्हणाले.

मॅडम म्हणजे अल्फिया मुलाणी. विट्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवतात. आकडे दाखवायचा प्रोग्राम त्यांनीच आबांना लिहून दिला होता. स्कूटीवर आल्या, हेल्मेट काढलं, गेटवरच्या औषधाच्या पाण्यात सँडल बुडवल्या आणि वैतागून म्हणाल्या, "चहा कुणी सांडलाय कीबोर्डवर?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"आकडा हलत नाही," मी म्हणाले.

मॅडमनी खुर्ची ओढली आणि स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत काहीतरी टाईप केलं. दोन ओळी वाचल्या. मग चष्मा वर केला. सेन्सर पुसून तळहातात धरला, परत टाईप केलं. "सेन्सर ठणठणीत आहे. वाचतोय बरोबर. तो वाचलेला आकडा लिहिला जात नाहीये."

"म्हणजे?" आबा.

"आबा, तुम्हीच नियम केला होता ना, प्रत्येक पाळीच्या माणसानं आपापल्या नावानं कॉम्प्युटर उघडायचा?"

"व्हय. कोण कधी बसला हुता ते कळाय नगं?"

"बरोबर. माणसानं उघडला की त्याच्या नावानं माझा प्रोग्राम चालू होतो. तो दर मिनिटाला सेन्सर वाचतो आणि आकडा एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. स्क्रीनला सेन्सरबिन्सर काही कळत नाही, ती फक्त त्या फाइलमधला आकडा उचलून दाखवते. पाळी संपली की आधी 'बंद' दाबायचं. ते दाबलं की फाइल पुसली जाते. पुढचा माणूस येतो, तीच फाइल नव्यानं होते, मालक फक्त तो."

"आम्ही दाबतो की," संग्रामदादा म्हणाला. "आधी बंद, मग बाहेर. दिगू पण दाबतो."

"एकदा कुणीतरी दाबलेलं नाही. सरळ कोपऱ्यातली फुली दाबून बाहेर पडलाय. प्रोग्राम मेला, फाइल तशीच राहिली. आता ज्यानं फाइल केली त्यालाच त्यात लिहिता येतं, त्यालाच ती पुसता येते. बाकीच्यांना नुसती वाचता येते. मग संग्राम येऊन बसले काय आणि दिगंबर येऊन बसले काय, प्रोग्राम बिचारा लिहायला जातो, त्याला दारातच सांगतात परवानगी नाही, आणि तो गप परत येतो. स्क्रीन आपली तिन्ही सेटरचे जुनेच आकडे दाखवत बसते. एक-दोन नंबर बिघडले नव्हते म्हणून ते खपून गेलं."

"गप परत का येतो?" मी विचारलं. "ओरडत का नाही?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "ती माझी चूक. बारीकसारीक कारणानं सारखा ओरडायचा, लोक वैतागायचे, म्हणून मी त्याचं तोंड बंद करून ठेवलं होतं. सगळ्यासाठीच."

"ते ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. त्यांचा आवाज परत चढला होता. त्यांना माणूस मिळाल्यासारखं झालं होतं. "फुली दाबली कुणी? नाव असंल ना त्या फाइलवर?"

"आहे."

"कुणाचं?" आणि त्यांनी दादाकडं बघितलं.

मॅडमनी स्क्रीन आबांच्या बाजूला वळवली. इंग्रजी मला वाचायला वेळ लागतो, पण ते एवढंसं होतं. चार अक्षरं. aaba. पुढं तारीख, दसऱ्याची, आणि सकाळची वेळ.

मला ती सकाळ आठवली. आबांनी कॉम्प्युटर बंद करायला लावला होता. हळदकुंकू, झेंडूची माळ, कीबोर्डवर तांदूळ. गुरुजी म्हणाले यजमानांच्या हातनं सुरू करा, म्हणून आबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावानं तो उघडला. आकडे आले, आम्ही टाळ्या वाजवल्या, संग्रामदादानं फोटो काढला. मग आरती, पेढे. आबा उठताना एका हातात पेढा होता, दुसऱ्या हातानं त्यांनी कोपऱ्यातली फुली दाबली.

आणि तेव्हापासनं आकडा हलला नव्हता. आम्ही सगळे म्हणत होतो, मशीन कसं गुणी झालंय.

पलीकडं हॅचरच्या, म्हणजे अंडी फुटायच्या खोलीत दोन नंबरातली पिल्लं ओरडत होती. मला हसू यायला लागलं आणि दादानं डोळे मोठे केले.

"बरं, झालं ते झालं," संग्रामदादा घाईनं म्हणाला. "मॅडम, त्या फाइलला सगळ्यांची परवानगी देऊन टाका. कुणीबी लिहू दे. म्हंजी परत भानगडच नगं."

"तात्पुरतं तसं करता येईल," मॅडम म्हणाल्या. त्यांनी एक ओळ टाईप केली. लगेच तीन नंबरचा आकडा उडाला आणि सत्त्याऐंशीवर आला. सेन्सर अजून बाहेरच होता, मॅडमच्या मांडीवर. मॅडमनी हात लावला तर एकोणनव्वद झाला.

"बास!" आबा उठले. "झालं काम. पोरी, चहा सांग, सगळ्यास्नी. आन् दिगू, तू जा आत, लाग कामाला. मिटलं."

मिटलं म्हणे! दादा खरंच निघाला होता.

"थांब," मी म्हणाले. "मॅडम, कुणीबी लिहू शकतं म्हणजे कुणीबी?"

"हो."

"मी?"

"हो."

"कसं?"

मॅडमनी कीबोर्ड माझ्याकडं सरकवला. "हे असं टाईप कर, मग आकडा, मग एंटर."

मी एका बोटानं टाईप केलं. साठ. एंटर.

आबा चहाची वाट बघत दारात उभे होते. त्यांनी वळून स्क्रीन बघितली आणि किंचाळले. "साठ! अंडी गार पडली! दिगू, पळ, पळ, दार लाव!" आणि स्वतःच पळाले, पाय न बुडवता, डगला न घालता, थेट सेटरच्या खोलीकडं. दादा त्यांच्या मागं. संग्रामदादा खुर्चीला अडखळला.

परत आले तेव्हा धापा टाकत होते.

"मी लिहिलं ते," मी सांगितलं. "सेन्सर तर मॅडमच्या मांडीवरच आहे."

"तुझ्या आयला—" आबांनी हात उगारला.

"मारा. पण आधी ऐका. मी साठ लिहिलं, तुम्ही पळाला. उद्या आत साठ झालेलं असताना कुणी इथं नव्व्याण्णव लिहिलं तर? कुणी झोपलेला माणूस उठून लिहील. कुणी चुकून लिहील. मग परत खेप मरेल, परत तुम्ही आकड्याकडं बोट कराल, आणि परत माझा भाऊ डगल्याची घडी घालेल. मला हे नको. मॅडम, काढा ती परवानगी."

"आगं ती तात्पुरती—" संग्रामदादा.

"तात्पुरती काढलेली वायर तुमच्या पंपावर चार वर्षं झाली लोंबकळतीय."

मॅडम हसल्या. पहिल्यांदाच. मग म्हणाल्या, "बरोबर बोलतीय ती. मलाच घाई करायला नको होती. पण नीट करायचं तर दुपार जाईल."

"जाऊ दे," मी म्हणाले. जशी काही हॅचरी माझीच.

दुपार गेली. दादानं तीन नंबरमधली अंडी एक नंबरात हलवली. मिस्त्री येऊन चिकटलेला स्विच बदलून गेला. मी मॅडमच्या शेजारी स्टुलावर बसले, बादली बाहेर ठेवून, हात दोनदा साबणानं धुऊन. मॅडम करता करता सांगत होत्या, मला की स्वतःला कुणास ठाऊक.

"आता प्रोग्राम कुणा माणसाच्या नावानं चालणार नाही. त्याचं स्वतःचं खातं. कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही."

"आणि फाइल?"

"आधी सगळ्यांच्या वावरातल्या जागी होती, आणि नाव दरवेळी एकच. कुणीही आधीच त्या नावाची फाइल करून ठेवली की खेळ खलास. आता त्याची स्वतःची खोली, कुलूप लावलेली. दरवेळी फाइल नवीन, नाव असं वेडंवाकडं की कुणाला आधी ओळखता येणार नाही. आकडा पूर्ण लिहून झाला की मगच पुढं करायचा, आणि काम संपलं की पुसायची. प्रोग्राम मध्येच मेला तरी पुसायची."

"आणि लिहिता आलं नाही तर?"

"तर स्क्रीनवर आकडा नाही, नुसती लाल पट्टी. जुना आकडा कधीच दाखवायचा नाही."

"आणि भोंगा. लाल पट्टी कोण बघतंय? सगळे मोबाईल बघतात."

"आणि भोंगा," मॅडम म्हणाल्या, आणि ते पण लिहिलं.

मग आम्ही ते मोडायचा प्रयत्न केला. तो भाग मला लई आवडला. संग्रामदादाच्या नावानं उघडून मी साठ लिहायला गेले. परवानगी नाही. दादाच्या नावानं, परवानगी नाही. मग मॅडमनी आबांना बोलावलं. आबांनी स्वतः आपलं नाव टाकलं, मी सांगितलं तसं एका बोटानं टाईप केलं. परवानगी नाही.

"मला पण न्हाई?"

"तुम्हाला पण नाही," मॅडम म्हणाल्या.

"मी मालक हाय."

"दसऱ्याला मालकच होता की," मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडं बघितलं आणि कीबोर्ड मॅडमकडं सरकवला. सेन्सर आत गेला, आकडा एकदा पॉइंट चार झाला, एकदा पॉइंट सहा. मॅडमनी कुलपाची खोली मुद्दाम बंद करून बघितली तर भोंगा असा बोंबलला की बाहेर बांधलेली म्हैस दावं तोडायला लागली.

मॅडम हेल्मेट घालायला लागल्या. आबा म्हणाले, "चला, समदं झालं."

"ग्रुप राहिला," मी म्हणाले.

"टाकतो की उद्या. कॉम्प्युटर बिघडला हुता म्हणून."

"कॉम्प्युटर बिघडला नव्हता."

"वैजे, बास," दादा म्हणाला. तो सेटरच्या खोलीच्या दारात उभा होता, हात ओले.

"बास कसं? त्याचा फोटो टाकलाय त्यांनी. नाव टाकलंय. कॉम्प्युटरचा फोटो टाकणार आहेत का उद्या? लोक म्हणतील आबांनी दया दाखवली, पोरगं झोपलंच असेल."

"मग काय, मी माझ्या तोंडानं सांगू समद्या तालुक्याला?"

"तुम्ही तोंडानंच सांगा. लिहिलेलं कुणी वाचत नाही."

आबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता मोबाईल फेकून मारतात. मॅडम हेल्मेट अर्धं घालून थांबल्या होत्या. संग्रामदादा जमिनीकडं बघत होता. आबांनी मोबाईल उचलला, आवाज भरायचं बटण दाबलं, खाकरले.

"नमस्कार. मघाशी जे टाकलं त्यात जरा गैरसमज—" सोडून दिलं. पुसलं.

परत दाबलं. "आमच्याकडं तांत्रिक अडचण—" परत पुसलं. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले आणि एका दमात बोलले. "दिगंबर कामात झोपला न्हाई. दांडा त्यानं ओढला हुता. दसऱ्याला पूजा करताना मी कॉम्प्युटर चुकीचा बंद केला, त्यापायी आकडा खोटा दिसत हुता. खेप गेली ती माझ्यामुळं. पोराला दोष न्हाई. मी त्याच्याविषयी जे लिहिलं ते माघारी घेतो."

पाठवलं. मोबाईल टेबलावर उलटा ठेवला. दादानं ओले हात डगल्याला पुसले आणि आत निघून गेला. थोड्या वेळानं तीन नंबरच्या दांड्याचा आवाज आला. आत अंडी नव्हती. मोकळ्या ट्रेंचाच खडखडाट.

"पोरी," आबा म्हणाले.

"काय?"

"तुझा भाऊ ऱ्हाईल. जलमभर ऱ्हाऊ दे. पण उद्यापासनं तू येऊ नगंस."

"का?"

"माझ्या चहात मशीन बुडीवलंस. माझ्या पुतण्याला लाथ घातलीस. मला पाय न बुडवता पळवलंस. आन् माझ्याच टेबलावर मेलेल्या अंड्यांची बादली ठेवलीस. मी म्हातारा माणूस हाय, मला तुझं तोंड झेपायचं न्हाई."

मला वाटलं होतं मला राग येईल. वाट बघितली. आला नाही.

बाहेर येऊन मी गेटवर माझ्या चपला शोधत होते. मॅडम स्कूटीवर बसल्या होत्या, म्हणाल्या, "विट्यापर्यंत सोडू?" मी हो म्हणाले. तेवढ्यात जाळीच्या पलीकडनं दादा पळत आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"काढलं तुला?"

"काढलं."

"मग मी पण न्हाई करत."

"गप आत जा. दोन नंबरची पिल्लं बाहेर काढायचीत अजून."

"आईला काय सांगू?"

"सांग, लाथ मारली म्हणून काढलं. बादली ठेवली म्हणून काढलं."

"आगं पण हे असं—"

"दाद्या, सकाळी तुला काढलं ते खोटं कारण काढून. मला काढलं ते सगळं मी खरंच केलंय," मी म्हणाले, आणि मॅडमच्या मागं बसले.